सातवा हिस्सा

गेल्या मार्गशीर्षात पुण्यास बहिणीकडे मुक्कामाला असताना एका रात्री पाणी पिण्यासाठी उठलो, तो भाच्याच्या खोलीत उजेड दिसला म्हणून डोकावलो. आणि संगणकाच्या काळ्या पडद्यावरील ठिपक्यांकडे, रेघांकडे व दोनचार सुट्या अक्षरांकडे तो मुलगा हाताची घडी घालून, कळफलकाला बोटही न लावता, ज्या एकाग्रतेने पाहत होता ती पाहून उंबऱ्यातच थबकलो.

"एवढ्या रात्री काय खेळतो आहेस?"

"मी नाही खेळत, मामा. खेळणारा दुसराच कुणीतरी आहे, कुठल्या देशातला तेही ठाऊक नाही. मी नुसता बघतोय. बसा ना. अकरावर आलाय बिचारा. सातवा हिस्सा झाला असता, तर सुटला असता."

मी खुर्ची ओढून बसलो.

खेळाचे नाव नेटहॅक. 'हॅक' या आधीच्या खेळावर परस्परांपासून दूर राहणाऱ्या अनेकांनी संगणकांच्या जाळ्यावरून काम करून 1987 मध्ये त्याला हे रूप दिले, आणि नावातले 'नेट' ते त्या जाळ्याचेच. त्यात चित्र नाही, नाद नाही. ऐंशी रकान्यांची रुंदी आणि चोवीस ओळींची उंची एवढाच त्याचा मुलूख. वरची एक ओळ वर्तमानाची, खालच्या दोन ओळी प्रकृतीच्या जमाखर्चाच्या, आणि मधल्या एकवीस ओळींत भुयार. @ हे चिन्ह म्हणजे आपण. पाताळाच्या तळाशी असलेला येंडोरचा ताईत हस्तगत करून तो वर आणावयाचा आणि आपल्या दैवताच्या वेदीवर अर्पण करावयाचा, हे उद्दिष्ट. परंतु एकदा मेला तो मेला, जतन केलेला डावही त्याच्याबरोबर नष्ट होतो. मागच्या पायरीवर परतून चूक दुरुस्त करण्याची सवलत या दरबारात नाही.

भाचा पाहत होता तो डाव 'नेटहॅक डॉट ऑल्ट डॉट ऑर्ग' या सार्वजनिक सर्व्हरवर चालला होता. खेळणारे आपापल्या घरून टेलनेटने किंवा एसएसएचने तेथे जोडले जातात आणि सर्वांचे डाव त्या एकाच ठिकाणी चालतात; म्हणून कोणाचाही डाव कोणालाही, ओळखदेख नसताना, त्याच क्षणी पाहता येतो. त्यासाठी एक यादी असते: खेळाडूचे टोपणनाव, डाव सुरू केल्याची तारीख व वेळ, किती वेळ हालचाल नाही याचा रकाना, आणि शेवटी पाहणारे किती याचा. मला त्यातला हालचाल नसल्याचा रकाना फार बोलका वाटला. अन्य कोणत्या खेळात स्वस्थ बसण्याची अशी स्वतंत्र नोंद ठेवतात, ते मला आठवत नाही.

त्या रात्रीच्या खेळाडूने व्हाल्किरी, म्हणजे उत्तरेकडील पुराणांतली रणरागिणी, निवडली होती. बोळाच्या टोकाशी तिचे @ अडकलेले आणि शेजारी निळ्या रंगातली दोन 'ए' अक्षरे. "सैनिकी मुंग्या," भाचा म्हणाला. माणसाची गती 12, मुंगीची 18. तेव्हा पळण्यात अर्थ नाही. एक मुंगी एका फेरीत चावा आणि दंश मिळून जास्तीत जास्त वीस प्राणबळ नेऊ शकते, आणि बाईचे उरले होते त्रेसष्टांपैकी अकरा. दैवताचा धावा केला तर दैवत येते, पण त्याची अट कडक आहे: प्राणबळ पूर्ण बळाच्या सातव्या हिश्शावर, अथवा पाच किंवा त्याहून खाली, उतरलेले असले पाहिजे. त्रेसष्टांचा सातवा हिस्सा नऊ. अकरावर असताना हाक मारली, तर ते संकट नव्हे, उगाच दिलेला त्रास ठरून देव कोपण्याचीच शक्यता अधिक. आणि नवावर येण्याची वाट पाहावी, तर पुढचा घाव अकरावरून थेट शून्यावर नेणार नाही याची हमी कोण देणार? जखमी माणसाला आणखी थोडे जखमी होऊन ये, असे सांगणारा हा कायदा मला क्रूर वाटला. भाच्याला तो न्याय्य वाटतो.

पडदा निश्चल होता. मुंग्याही निश्चल, कारण येथे खेळाडूने चाल केल्याखेरीज काळ पुढे सरकत नाही. भिंतीवरच्या घड्याळात मी चार मिनिटे मोजली. त्या चार मिनिटांत जगाच्या कोणत्या कोपऱ्यात तो मनुष्य बसला होता, त्याच्याकडे सकाळ होती की मध्यरात्र, यातले काही मला कळत नव्हते. पण त्याची बोटे कळांच्या वर अधांतरी थांबलेली आहेत हे मात्र प्रत्यक्ष दिसत असल्यासारखे जाणवत होते.

मग वरच्या ओळीत एकेक अक्षर उमटू लागले. बाई बोटाने धुळीत लिहीत होती: एल्बरेथ. टॉल्किनच्या कथासृष्टीतले हे देवतानाम जमिनीवर लिहिले की बहुतेक प्राणी त्यावर उभ्या असलेल्यास शिवत नाहीत. टंकताना मध्ये एकदा तो अडखळला, एक अक्षर खोडले, पुन्हा लिहिले. मुंग्या मागे वळल्या, पुन्हा आल्या, पुन्हा वळल्या. "हेही फार टिकत नाही," भाचा पुटपुटला, "कुणी घाबरून मागे फिरलं की दर वेळी पुसलं जाण्याची शक्यता सातात एक." पुन्हा तोच सातवा हिस्सा! तिसऱ्या खेपेस अक्षरे पुसली गेली, चावा बसला, आणि अकराचे सात झाले. या खेपेस तो क्षणभरही थांबला नाही. खरोखर धावा करायचा का, असे यंत्राने विचारले, त्याने होकार दिला, आणि ओडिनच्या कृपेने सातांचे त्रेसष्ट झाले. भाच्याने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. मीही सोडला असावा.

पुढचे सात-आठ दिवस मी स्वतः खेळलो. तिसऱ्याच डावात निळ्या 'ई' अक्षरावर, म्हणजे तरंगत्या डोळ्यावर, तलवार चालवली आणि जागीच खिळलो. दरम्यान एक सामान्य कोल्हा येऊन मला शांतपणे संपवून गेला. तो डोळा आपण होऊन कधीच हल्ला करीत नाही. त्याला केवळ सोडून द्यावयाचे असते. मी थांबलो नाही, एवढेच माझ्या मृत्यूचे कारण. यंत्राला चंद्रकलांचीही खबर असते: पौर्णिमेस दैव एका अंशाने अनुकूल होते, अमावास्येस सावध राहण्याची सूचना मिळते. हे कळल्यावर बहिणीने भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणून दिली, आणि तेव्हापासून तीही अधूनमधून येऊन बसू लागली.

कोणी यास वेळेचा अपव्यय म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. तरण्याताठ्या मुलांना घाई शिकवणाऱ्या खेळांची आज वाण नाही. जेथे चाल न करणे हीच निम्मी विद्या आहे आणि ती दुसऱ्याच्या शेजारी मुकाट्याने बसून, त्याला सल्ला न देता, पाहून पाहून शिकावी लागते, तसा खेळ मी दुसरा पाहिलेला नाही. पाहणाऱ्याला खेळाडूस निरोप पाठवण्याची सोय तेथे आहे. एक टपालवाहक पिशाच्च भुयारात प्रकट होऊन पत्राची गुंडाळी हाती देते. त्या रात्री, एल्बरेथ लिही, एवढे तरी कळवायचे होतेस, असे मी पुढे भाच्यास म्हणालो. तो गंभीर झाला. "नाही मामा. ठरवणं त्याचं त्यानंच."

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला आणखी एक गोष्ट दाखवली. सर्व्हर प्रत्येक डावाची नोंद ठेवतो, पडद्यावर काय कोणत्या क्षणी उमटले त्या वेळेसकट. त्या रात्रीचा डाव त्याने शोधून लावला. बोळ आला, दोन निळी अक्षरे आली, खालच्या ओळीत अकरा हा आकडा आला आणि पडदा थिजला. रिकामा काळ गाळून पुढे जाण्याची एक कळ असते. भाच्याचे बोट सवयीने तिच्याकडे गेले. मी त्याचा हात धरला. बहीण स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत आली आणि काही न विचारता पलंगाच्या कडेवर टेकली, आणि आम्ही तिघे ती चार मिनिटे बसून राहिलो.