किडे वेचणाऱ्या मुलाने रचलेला प्रदेश

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, म्हणजे ओझरच्या शिवाराचे रूप एका रात्रीत पालटते. नाशिक जिल्ह्यातील हे गाव बाणगंगेच्या काठी वसले आहे. कालपर्यंत कोरडी असलेली माती ओली होते आणि लाल मखमलीच्या ठिपक्यासारखा दिसणारा मृगाचा किडा तिच्यावरून हळूहळू चालू लागतो. नदीकाठी बेडूक ओरडू लागतात. द्राक्षमळ्यांच्या बांधांवर टोळ, भुंगेरे व फुलपाखरे दिसू लागतात. अशा वेळी मुलांचे पाय घरात ठरत नाहीत. कोणी आगपेटीत मृगाचा किडा ठेवतो, तर कोणी काचेच्या बरणीत काजवा आणतो. "माझ्याजवळ आहे तो तुझ्याजवळ नाही," असे सोबत्याला सांगण्यात प्रत्येकाला मोठी धन्यता वाटते.

निरनिराळे जीव शोधावेत, त्यांची नावे जाणून घ्यावीत व ते जमवावेत, ही हौस सर्वच देशांतील मुलांना असते. जपानमधील एका मुलाच्या अंगी ती फार प्रबळ होती. मोठेपणी त्याने त्या हौसेतून एक संपूर्ण प्रदेश निर्माण केला. त्या प्रदेशात गावे आहेत, रस्ते आहेत, डोंगर, गुहा, अरण्ये व समुद्र आहेत. परंतु पृथ्वीच्या पाठीवर तो शोधू गेल्यास सापडणार नाही. तो आहे एका खेळात. त्या खेळाचे नाव पोकेमॉन आणि त्या कल्पित प्रदेशाचे नाव कांतो. हा खेळ पुष्कळांना ऐकून ठाऊक असतो; परंतु त्यातील प्रदेश कोठून आला, ही हकिकत फार थोड्यांना माहीत असते.

त्या मुलाचे नाव सातोशी ताजिरी. त्याचा जन्म 1965 साली झाला व त्याचे बालपण टोकियो महानगराच्या सीमेवरील माचिदा येथे गेले. त्या काळी माचिदाभोवती शेते, तळी व झाडी होती. सातोशी तासन् तास तेथे हिंडे आणि किडे वेची. त्याचे हे वेड पाहून सोबती त्याला 'किड्यांचा डॉक्टर' म्हणून चिडवीत.

परंतु सातोशी केवळ किडे पकडणारा नव्हता. तो त्यांचे निरीक्षण करणारा होता. भुंगेरे पकडण्यासाठी तेथील मुले झाडाच्या सालीला मध लावून ठेवीत. सातोशीने वेगळाच विचार केला. भुंगेरे दिवसा झोपतात आणि दगडाखाली झोपणे त्यांना आवडते, हे त्याने हेरले होते. म्हणून तो झाडाखाली एक दगड ठेवी आणि सकाळी जाऊन तो अलगद उचलून पाही. दगडाखाली भुंगेरे असत! ज्याला जीव शोधावयाचा आहे, त्याने प्रथम त्या जीवाची राहणी ओळखली पाहिजे, हा धडा त्याला कोणी शिकविला नव्हता. तो त्याने आपल्या डोळ्यांनी मिळविला होता.

पुढे शहर वाढत चालले. दरवर्षी झाडे तोडली जाऊ लागली व किडे कमी होऊ लागले. शेतांच्या जागी घरे व रस्ते आले. ज्या तळ्यात मासे धरावयाचे, ते बुजवून तेथे पडद्यावरचे खेळ खेळण्याचे दालन उभे राहिले. सातोशी त्या दालनात जाऊ लागला आणि त्या खेळांत रमला. 1983 साली त्याने खेळांविषयीचे एक छोटे नियतकालिक सुरू केले व 1989 साली त्याचे रूपांतर खेळ तयार करणाऱ्या संस्थेत झाले.

त्याच वर्षी जपानमध्ये 'गेम बॉय' नावाचे, हातात धरून खेळावयाचे एक लहान यंत्र निघाले. अशी दोन यंत्रे एका तारेने जोडता येत. ती तार पाहून ताजिरीच्या मनात एक विचित्र चित्र उभे राहिले. या तारेवरून एखादा किडा चालत चालत एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गेला तर? बालपणी सोबत्यांशी केलेली किड्यांची देवघेव त्याला आठवली असावी. घरात बसून खेळणाऱ्या मुलांना रानात जीव शोधण्याचा तो आनंद पुन्हा द्यावा, असे त्याला वाटले. या एका कल्पनेवर तो व त्याचे सहकारी सुमारे सहा वर्षे काम करीत होते. अखेर 27 फेब्रुवारी 1996 रोजी हा खेळ जपानमध्ये प्रसिद्ध झाला.

या खेळाची रचना पाहण्यासारखी आहे. खेळणारा मुलगा आपल्या लहानशा गावाहून प्रवासास निघतो. प्राणिशास्त्राचे एक वृद्ध अध्यापक त्याला जीवांचा एक सचित्र कोश देतात. मात्र त्या कोशाची पाने कोरी असतात. गावोगाव हिंडावे, जीव पाहावेत, ते मिळवावेत व कोश भरावा, असे काम त्याच्यावर सोपविलेले असते. खेळात जीवांच्या झुंजीही लागतात. पण हरलेला जीव मरत नाही, तो फक्त दमून पडतो. अशा कल्पित जीवांच्या एकूण 151 जाती त्या पहिल्या खेळात होत्या.

हे जीव वाटेल तेथे सापडत नाहीत. उंच गवतात काही, तर अरण्यात काही राहतात. वटवाघळासारखे जीव डोंगरातील अंधाऱ्या गुहेत आढळतात, तर विजेवर जगणारे जीव ओसाड पडलेल्या वीजघरात. पाण्यातले जीव हवे असतील तर गळ घेऊन काठावर बसावे लागते. काही जीव पावलोपावली भेटतात, तर काही साऱ्या प्रदेशात एकाच ठिकाणी असतात. माचिदाच्या झाडाखाली दगड ठेवणाऱ्या मुलाचीच ही दृष्टी नव्हे काय?

कांतो हे नावही मनचे नाही. जपानमध्ये खरोखरच कांतो नावाचा प्रदेश आहे. 'नाक्याच्या पूर्वेचा मुलूख' असा त्या नावाचा अर्थ होतो. टोकियो व योकोहामा ही शहरे याच प्रदेशात येतात, आणि माचिदाही त्यातच आहे. खेळातील नकाशातही मध्यभागी एक मोठे शहर व दक्षिणेस समुद्र आहे, बंदराचे गावही आहे. तेथील गावांना रंगांची नावे दिली आहेत. 'तोकिवा' म्हणजे सदाहरित, 'कुचिबा' म्हणजे गळलेल्या पानाचा रंग, 'यामाबुकी' म्हणजे त्या नावाच्या फुलाचा सोनेरी पिवळा रंग. एका शहराचे नाव 'तामामुशी' आहे. तामामुशी हा रत्नासारखा चमकणारा एक भुंगेरा होय. किडे वेचणाऱ्या मुलाने आपल्या नकाशात किड्याला एक शहरच देऊन टाकले!

जे गावांचे, तेच जीवांचे. तोकिवाच्या अरण्यात एक हिरवी अळी भेटते. तिचा पुढे कोश होतो आणि त्यातून फुलपाखरू बाहेर येते. आपल्या कढीलिंबाच्या झाडावर हाच प्रकार आपण पाहू शकतो. आणखी एका जीवाच्या पोटावर चक्राकार रेषा आहे. बेडकाच्या शेपटीवाल्या पिलाची कातडी इतकी पातळ असते, की काही जातींत आतील आतड्याची वेटोळी बाहेरून दिसते. त्यावरून ही कल्पना सुचली. खेळात अशा रूप बदलण्याला 'उत्क्रांती' म्हणतात. पण शास्त्रात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. अळीचे फुलपाखरू होणे हे एका जीवाच्या आयुष्यातील रूपांतर होय. उत्क्रांती मात्र असंख्य पिढ्यांतून घडते.

या खेळातील आणखी एक युक्ती मोठी मार्मिक आहे. खेळाच्या लाल व हिरवी अशा दोन आवृत्त्या काढल्या होत्या. काही जीव केवळ पहिल्या आवृत्तीत, तर काही केवळ दुसऱ्या आवृत्तीत सापडत. त्यामुळे कोणाही एकट्याला आपला कोश पुरा करता येत नसे. त्याला सोबती शोधावा लागे, तारेने यंत्रे जोडावी लागत आणि आपल्याजवळचा जीव देऊन दुसऱ्याजवळचा घ्यावा लागे. ज्ञानाचा कोशही असाच अनेकांच्या हातांनी भरतो.

पुढे याच मालिकेत इतर कल्पित प्रदेश तयार झाले, आणि त्यांतील काही जपानच्या निरनिराळ्या भागांवरून घडविले गेले. मग मनात प्रश्न येतो, की असा नकाशा आपल्या परिसराचा काढता येणार नाही काय? ओझर ज्या निफाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे. तेथे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीच्या पाण्यासाठी एक दगडी बंधारा बांधण्यात आला. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यातून लहान लहान बेटे, उथळ पाणी व दाट पाणगवत तयार झाले, आणि पक्ष्यांना अन्न व आसरा मिळाला. 1986 साली हे अभयारण्य झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी 1971 साली इराणमधील रामसर शहरी अनेक देशांचा एक करार झाला होता. त्या कराराखालील महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणून 2020 च्या जानेवारीत नांदूर मधमेश्वरचे नाव जाहीर झाले.

येथे पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जाती आढळतात, आणि येथेही प्रत्येकाचे ठिकाण ठरलेले आहे. उथळ पाण्यात चमचा नावाचा पक्षी आपली चपटी चोच डावीउजवीकडे फिरवीत अन्न शोधतो. जांभळी पाणकोंबडी पाणगवतात वावरते. कमळपक्षी लांब बोटांच्या आधारे तरंगत्या पानांवरून चालत जातो. मुग्धबलाकाच्या चोचीच्या मध्ये फट असते व गोगलगाई हे त्याचे आवडते खाद्य. चक्रवाक हिवाळ्यात उत्तरेकडील उंच प्रदेशांतून येतो, तेव्हा तो पाहावयाचा असेल तर ऋतूही ओळखावा लागतो. पिकाचू या प्रसिद्ध कल्पित जीवाचे नाव ठिणगीच्या चमकेवरून व उंदराच्या आवाजावरून बनले आहे. आपल्या पूर्वजांनीही तेच केले. वडापिंपळावर बसून 'टुक् टुक्' असा आवाज करणाऱ्या हिरव्या पक्ष्याला त्यांनी तांबट म्हटले. कारण तो आवाज नाशिकच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर पडणाऱ्या हातोडीसारखा आहे.

मात्र कल्पित प्रदेशात व खऱ्या प्रदेशात एक मोठे अंतर आहे. कांतोतील गवत कधी वाळत नाही. तेथील तळे कोणी बुजवीत नाही. तेथला एखादा जीव हातचा गेला, तर खेळ पुन्हा आरंभापासून खेळता येतो. खऱ्या तळ्याचे तसे नाही. पाणी घाण झाले, जलपर्णीने ते झाकून टाकले, म्हणजे पक्षी दुसरीकडे जातात; परंतु ज्याला दुसरे ठिकाणच नाही, त्याने काय करावे? नाशिकजवळच्या देवळालीचे नाव धारण करणारा एक चिमुकला मासा आहे. त्याचा आढळ अत्यंत मर्यादित आहे आणि तो जगातून नाहीसा होण्याच्या काठावर आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. तो गेला, तर कोशातील त्याचे पान पुन्हा कोणालाही भरता येणार नाही.

म्हणून खऱ्या जीवांचा संग्रह बरणीत करावयाचा नसतो. वन्य पक्षी पकडणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे. आणि आगपेटीत ठेवलेला मृगाचा किडा दोन दिवसांत मरून जातो, हे आपण पाहिलेले असते. आपला संग्रह वहीत करावा. कोणता जीव पाहिला, कोठे पाहिला, कोणत्या महिन्यात, काय खाताना पाहिला, हे लिहावे व जमेल तसे त्याचे चित्र काढावे. मग ती वही सोबत्याच्या वहीशी ताडून पाहावी. पहिल्याच वर्षी आपल्याला दिसून येईल, की घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरही कितीतरी पाने भरण्याजोगी आहेत.

ताजिरीचे तळे बुजल्यावर त्याला आपल्या बालपणाचा प्रदेश यंत्रात नव्याने रचावा लागला. त्याने तो अतिशय सुंदर रचला, आणि देशोदेशीच्या मुलांनी त्याबद्दल त्याचे आभारच मानले. पण बाणगंगेचा काठ व नांदूर मधमेश्वरचे पाणी अद्याप आपल्याजवळ आहे. ते केवळ आठवणीतून रचावयाची पाळी आपल्यावर येऊ नये, हे पाहणे आपल्याच हाती आहे.

स्वाध्याय

1. सातोशी ताजिरीने भुंगेरे शोधण्यासाठी कोणती युक्ती योजली? ती त्याला का साधली?

2. कांतो हा कल्पित प्रदेश खऱ्या प्रदेशावरून घडविला आहे, हे कशावरून दिसते?

3. 'ज्ञानाचा कोशही असाच अनेकांच्या हातांनी भरतो,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

4. आपल्या गावाचा नकाशा काढा व कोणता जीव कोठे आढळतो हे त्यात दाखवा.