अमेरिकेचा कर, आंध्रची तळी आणि आपली कोळंबी

कोळंबी म्हणा, झिंगे म्हणा, नाहीतर गोव्यात म्हणतात तशी सुंगटे म्हणा. आपल्याकडे ती रविवारच्या कालवणात, खिचडीत किंवा लोणच्यात भेटते. पण तुम्हाला माहीत आहे का, भारतातल्या तळ्यांमध्ये वाढवलेली बहुतेक कोळंबी आपल्या ताटात येतच नाही? ती सोलून, गोठवून, पाकिटात भरून परदेशी जाते. तिचे सर्वात मोठे गिऱ्हाईक आहे अमेरिका.

2024-25 या आर्थिक वर्षात भारताने सुमारे 16.98 लाख टन मासळी आणि इतर समुद्री उत्पादने निर्यात केली. त्यांची किंमत होती सुमारे 62,408 कोटी रुपये. यातला दोन तृतीयांशाहून जास्त पैसा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा होता. देशांचा हिशेब केला, तर एक तृतीयांशाहून जास्त कमाई अमेरिकेतून आली.

एकाच गिऱ्हाइकावर एवढा भरवसा असला की त्याने दार थोडे जरी लोटले, तरी दुकानदाराला धडकी भरते. 2025 मध्ये नेमके तेच झाले.

काय घडले 2025 मध्ये?

2 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेने जगभरातल्या मालावर नवे आयात शुल्क जाहीर केले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भारतीय मालावर 25 टक्के शुल्क लागू झाले आणि 27 ऑगस्टपासून त्यात आणखी 25 टक्क्यांची भर पडली. म्हणजे एकूण 50 टक्के. कोळंबीवर याआधीपासूनच दोन वेगळी शुल्के होती: 2005 पासूनचे अँटी-डंपिंग शुल्क आणि 2024 मध्ये ठरलेले 5.77 टक्क्यांचे प्रतिकारी शुल्क. हे सगळे मिळून बोजा 50 टक्क्यांच्याही वर गेला.

असे दर वाटाघाटींप्रमाणे वर-खाली होत राहतात. त्यामुळे आजचा आकडा पाठ करण्यापेक्षा, असा कर आला की तो कोणाच्या खिशातून जातो, हे समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे.

कर भरतो कोण आणि सोसतो कोण?

कागदावर हा कर अमेरिकेतला आयातदार भरतो. मग आपल्याला काय त्याचे, असे वाटू शकते. एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, भारतातून 100 रुपयांची कोळंबी गेली. आयातदाराने त्यावर 50 रुपये कर भरला. आता त्याला तोच माल दीडपट भावाने विकता येईल का? अवघड आहे. कारण शेजारच्या फळीवर इक्वेडोरची कोळंबी असते. ऑगस्ट 2025 मध्ये इक्वेडोरवर 15 टक्के, इंडोनेशियावर 19 टक्के आणि व्हिएतनामवर 20 टक्के शुल्क होते. शिवाय इक्वेडोर अमेरिकेच्या जवळ. आपल्या जहाजाला विशाखापट्टणमहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचायला महिन्याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून आयातदार भारतीय निर्यातदाराला सांगतो, "भाव कमी करा, नाहीतर ऑर्डर थांबवतो." अनेक सौद्यांमध्ये तर कर भरून माल पोहोचवण्याची जबाबदारी निर्यातदाराचीच असते. निर्यातदार मग प्रक्रिया कारखान्याकडे बघतो, कारखाना दलालाकडे आणि दलाल तळ्यावरच्या शेतकऱ्याकडे. प्रत्येक जण आपला भार खालच्यावर ढकलतो. शेतकऱ्याच्या खाली मात्र कोणी नसते.

तळ्यातली कोळंबी थांबत नाही

भारतातली सर्वाधिक कोळंबी आंध्र प्रदेशात पिकते. भीमावरम आणि आसपासच्या गोदावरी जिल्ह्यांत भातशेतीच्या शेजारी मैलोन्मैल तळी दिसतात. त्यांत वाढते ती व्हॅनामेई जातीची कोळंबी, मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. भारतात तिला 2009 मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच निर्यातीचे चित्र बदलले.

या तळ्यांचे मालक सगळेच श्रीमंत नसतात. कित्येकांची तळी दोन-चार एकरांची असतात, काहींची तर भाड्याची. समजा, अशा एका शेतकऱ्याने बीज सोडले आणि खाद्य दुकानदाराकडून उधारीवर उचलले. खर्चाचा मोठा भाग खाद्यावरच जातो. तीन-चार महिन्यांनी माल तयार झाला आणि त्याच आठवड्यात भाव पडला. आता तो काय करणार?

गहू किंवा सोयाबीन असते तर पोती घरात ठेवून वाट पाहता आली असती. इथे ते जमत नाही. कोळंबी तळ्यात ठेवली तर रोज खाद्य लागते, पाण्यात हवा घुसळणारी चाके रात्रंदिवस फिरवावी लागतात, विजेचे बिल वाढते आणि व्हाइट स्पॉटसारखा रोग आला की सगळे तळे काही दिवसांत हातचे जाते. लवकर काढावी तर माल लहान राहतो. या धंद्यात भाव 'काउंट'वर ठरतो, म्हणजे एका किलोत किती नग बसतात त्यावर. 30 काउंटचा माल मोठा आणि महाग, 100 काउंटचा लहान आणि स्वस्त. मोठा माल काढायचा म्हणजे तळ्यात जास्त दिवस आणि जास्त खर्च. बाजारच डळमळीत असेल, तर हा सगळा जुगार होतो.

एप्रिल 2025 मध्ये तर कराचा एक रुपयाही भरला जाण्याआधी, नुसत्या घोषणेने तळ्यावरचे भाव कोसळले. आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांना केंद्राकडे पत्र लिहून मदत मागावी लागली. ते वाढीव शुल्क आठवडाभरातच 90 दिवसांसाठी पुढे ढकलले गेले. पण ज्यांनी त्या दिवसांत माल विकला, त्यांचे नुकसान होऊन गेले होते.

शेडमधल्या बायकांचे काय?

तळ्यावरून निघालेली कोळंबी सोलायला जाते. डोके काढणे, साल काढणे, पाठीवरचा काळा दोरा काढणे ही कामे बहुतांश ठिकाणी बायकाच करतात. अनेक जणींना पैसे किलोवर मिळतात. ऑर्डर कमी झाली की त्यांना कोणी कामावरून काढत नाही, फक्त उद्या येऊ नका असे सांगते. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि ती कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

कराशिवायच्या भिंती

व्यापारातली अडचण फक्त करातून येत नाही. काही भिंती नियमांच्या असतात आणि त्या नेहमी चुकीच्याही नसतात.

पहिली भिंत आपल्या कोकणाला माहीत असलेली. समुद्रात जाळ्याने पकडलेली भारतीय कोळंबी 2019 पासून अमेरिका घेत नाही. कारण आहे समुद्री कासव. ट्रॉलरच्या जाळ्यात कासवे अडकून मरतात. जाळ्यात 'टेड' नावाची लोखंडी जाळी बसवली, तर कोळंबी गजांतून आत जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ज्या ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बघायला आपण जातो, त्यांच्यासाठीच ही व्यवस्था. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना बसेल असे टेड तयार केले आहे आणि प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून त्याला मदतही मिळते. मात्र झडपेतून थोडी मासळी निसटेल, ही मच्छीमारांची भीती आहे.

दुसरी भिंत प्रतिजैविकांची. युरोपीय संघ भारतातून येणाऱ्या तळ्यातल्या मालाच्या तपासणीत 2016 पासून फार कडक झाला. 10 टक्क्यांऐवजी 50 टक्के माल तपासला जाऊ लागला. बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला की सगळा माल परत.

तिसरी भिंत डॉल्फिन आणि देवमाशांची. ज्या देशांत मासेमारी करताना हे प्राणी मरतात, त्यांना आपले नियम अमेरिकेच्या तोडीचे आहेत हे दाखवावे लागते. ही अट 1 जानेवारी 2026 पासून लागू झाली. पाण्यात भिंतीसारखी उभी लावलेली जाळी वापरणाऱ्या छोट्या मच्छीमारांचा इथे थेट संबंध येतो.

छोट्यालाच जास्त का लागते?

मोठ्या कंपनीकडे स्वतःचे शीतगृह असते, प्रयोगशाळा असते, कागदपत्रे सांभाळणारी माणसे असतात. एक बाजार बंद झाला तर माल काही महिने ठेवून ती दुसरीकडे वळवू शकते. छोटा निर्यातदार दुसऱ्याच्या कारखान्यात माल गोठवून घेतो आणि बँकेच्या कर्जावर एक-दोन कंटेनर पाठवतो. त्याचा एक कंटेनर बंदरात अडकला, तर पुढचा माल घ्यायला त्याच्याकडे पैसाच उरत नाही.

अँटी-डंपिंग शुल्काची पद्धतही बघा. दरवर्षीच्या फेरतपासणीत अमेरिका सहसा दोन-तीन मोठ्या निर्यातदारांचेच हिशेब तपासते आणि त्यांच्यावरून ठरलेला दर बाकीच्या बहुतेकांना लागू होतो. म्हणजे वही दुसऱ्याची, पण बिल आपले!

वाट कुठे आहे?

काही दारे उघडत आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये युरोपीय संघाने भारतातल्या आणखी 102 मासळी प्रक्रिया कारखान्यांना निर्यातीची परवानगी दिली. जुलै 2025 मध्ये ब्रिटनसोबत मुक्त व्यापार करार झाला. पण नव्या बाजारात जायचे तर वर सांगितलेल्या तपासण्या पार कराव्याच लागतील. म्हणून माल काढण्याआधीची औषध-अंशांची चाचणी गावाजवळ आणि परवडेल अशी मिळणे, दुकानदाराच्या उधारीऐवजी किसान क्रेडिट कार्डावर स्वस्त कर्ज मिळणे आणि छोट्या शेतकऱ्यांनी गट करून शीतगृह वापरणे, या तीन गोष्टी कोणत्याही पॅकेजपेक्षा जास्त टिकतील.

आणि एक बाजार आपल्या घरातच आहे. भोपाळ असो, इंदूर असो की बंगळुरू, समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनाही आता गोठवलेली कोळंबी मिळते. 'गोठवलेली म्हणजे शिळी' हा समज सोडा. नीट गोठवलेली कोळंबी, दिवसभर हातगाडीवर ठेवलेल्या 'ताज्या' कोळंबीपेक्षा चांगली असू शकते. घेताना एवढे बघा:

• पाकिटावर काउंट, तारीख आणि परवाना क्रमांक आहे का?
• आत बर्फाचा मोठा गठ्ठा किंवा पांढरे सुकलेले डाग नाहीत ना?
• घरी आणल्यावर गरम पाण्यात टाकू नका. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि एकदा सुटी झाली की पुन्हा गोठवू नका.

आपण चार पाकिटे घेतल्याने अमेरिकेची कसर भरून निघणार नाही, हे खरे आहे. पण देशातच भरवशाचे गिऱ्हाईक असेल, तर पुढच्या वेळी परदेशातून भाव पाडण्याचा निरोप आला की तळ्यावरच्या शेतकऱ्याला निदान दुसरा एक फोन नंबर फिरवता येईल. आज बहुतेकांकडे तो नाही.