लिनक्स आणि विंडोज यांच्यात फायलींची देवाणघेवाण

विंडोज संगणक नेटवर्कवर फायली देण्याघेण्यासाठी एसएमबी हा प्रोटोकॉल वापरतात. लिनक्सवर तेच काम 'सांबा' हे मुक्त सॉफ्टवेअर करते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याची सुरुवात 1991-92च्या सुमारास केली.

दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले असले की पुरे. फायली घरातल्या घरात फिरतात. त्यामुळे इंटरनेट बंद असले तरी काम अडत नाही.

लिनक्सवर सांबा बसवून त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सामायिक फोल्डरचे नाव आणि मार्ग लिहितात. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवला जातो, म्हणून तो स्वतंत्रपणे द्यावा लागतो. फोल्डरवर त्या वापरकर्त्याला लिनक्सचीही परवानगी हवी; नाहीतर फोल्डर दिसतो, पण उघडत नाही. फायरवॉलमध्ये 445 क्रमांकाचा टीसीपी पोर्ट घरच्या नेटवर्कपुरता खुला ठेवतात. मग विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन लिनक्स संगणकाचा आयपी पत्ता टाकला की फोल्डर दिसतो.

मराठी फाइलनावे युनिकोडमुळे दोन्हीकडे नीट दिसतात. मात्र नावात प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम टाळावा. विंडोजला ती चिन्हे चालत नाहीत. एसएमबीची पहिली आवृत्ती बंदच ठेवावी: 2017 मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम तिच्यातील त्रुटीतूनच पसरला.