वॅक्सिंगनंतर आठवड्यात खुंट का?

हात-पाय गुळगुळीत करून घरी यावं आणि आठच दिवसांत खरखर जाणवावी, की दोष पार्लरवालीच्या माथी जातो. पुष्कळदा तो केसांच्या वेळापत्रकाचा असतो. अंगावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढत असतात, बरेचसे विश्रांती घेत असतात, तर काही अजून त्वचेखालीच असतात. वॅक्स पकडतं ते फक्त वर आलेले. म्हणजे आठवड्यानं दिसतात ते बहुधा मागून उगवलेले. मुळासकट निघालेला केस परतायला साधारण ३ ते ६ आठवडे लागतात.

दुसरं कारण तुटलेला केस. वॅक्स करताना केस अर्धा सेंटीमीटर तरी लांब हवा, नाहीतर पकड मिळत नाही. त्वचा ताणून धरायची आणि पट्टी वाढीच्या उलट दिशेनं, त्वचेला लगटून ओढायची. सरळ वर उचलली की केस मध्येच तुटतो, कधी आत वळून पुळीही करतो. मधल्या काळात रेझर फिरवला, तर पुढच्या खेपेला लांबी अपुरी पडते. आदल्या दिवशी हलकं स्क्रब चालेल. रेटिनॉलचं क्रीम मात्र काही दिवस आधीच थांबवा. नाहीतर केसांबरोबर कातडीही सोलली जाईल.