देय वेतन आणि दत्त वेतन : अमेरिकी संघसेवकांच्या बेकारी-भत्त्याचा प्रश्न

बेकारी-विमा हा कामाच्या अभावावरील उपाय आहे की उत्पन्नाच्या अभावावरील, हा प्रश्न सामान्यतः उपस्थित होत नाही. कारण काम सुटले की वेतनही थांबते. अमेरिकेतील संघ-सरकारचे कामकाज निधीअभावी बंद पडते, तेव्हा मात्र या दोन गोष्टी विलग होतात.

काँग्रेसने विनियोजनास वेळेवर संमती न दिल्यास खात्यांना खर्च करता येत नाही. हा निर्बंध एकोणिसाव्या शतकातील असला, तरी अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १९८० व १९८१ मध्ये दिलेल्या अभिमतांमुळे तो कठोर झाला. मनुष्यजीवित व मालमत्ता यांच्या रक्षणास आवश्यक असलेली कामे तेवढी चालू राहतात. परिणामी कर्मचाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग बिनपगारी सक्तीच्या रजेवर जातो. दुसरा, उदाहरणार्थ विमान-वाहतूक नियंत्रक किंवा तुरुंगरक्षक यांचा, वेतन हाती न पडताही कामावर हजर राहतो. २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस चाललेल्या बंदीत सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचे वेतन अडले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण कामावर होते. १ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेली बंदी ४३ दिवस टिकली.

संघसेवकांना बेकारी-भत्ता १९५४ च्या कायद्याने मिळाला. खर्च संघ-सरकारचा, परंतु पात्रता ठरते ती घटक राज्याच्या कायद्याने. बहुतेक राज्यांत ज्या आठवड्यात व्यक्तीने सेवा केली नाही व ज्याबद्दल तिला वेतन ‘देय’ नाही, तो आठवडा बेकारीचा मानतात. रजेवर पाठविलेला कर्मचारी या व्याख्येत सामान्यतः बसतो. पूर्णवेळ राबणारा बसत नाही. कारण त्याचे वेतन दत्त नसले तरी देय असते. जानेवारी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी अशा कर्मचाऱ्यांनाही भत्ता देण्याची तयारी दर्शविली. तथापि संघ-सरकारच्या श्रमखात्याने त्यांना अपात्र ठरविले.

या भूमिकेच्या समर्थनार्थ असे म्हणता येईल की, थकलेले वेतन पुढे मिळणारच आहे. जानेवारी २०१९ च्या कायद्याने तशी हमीही दिली. परंतु ती हमी रजेवरील कर्मचाऱ्यांनाही दिलेली आहे, आणि थकबाकी मिळाल्यावर घेतलेला भत्ता त्यांना सामान्यतः परत करावा लागतो. म्हणजे बंदीच्या काळात हा भत्ता वस्तुतः बिनव्याजी उचलच ठरतो. अशी उचल घरी बसलेल्यास मिळावी आणि कामावर जाणाऱ्यास नाकारली जावी, याचे कारण हमीत सापडत नाही. ते केवळ व्याख्येत सापडते.

न्यायालयाचा मार्गही अरुंद झाला आहे. विनियोजनाअभावी लांबलेल्या वेतनामुळे किमान वेतनविषयक कायद्याचा भंग होत नाही, असा निर्णय फेडरल सर्किट न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. यास्तव उपाय विधिमंडळाकडेच उरतो. बेकारीच्या व्याख्येत ‘देय’ ऐवजी ‘दत्त’ वेतन हा निकष घालणे, हा एक मार्ग. परंतु कामावर असलेल्या माणसास बेकार म्हणणे हे शेवटी शब्दाचे ओढाताणच होय. ज्यांची सेवा एक दिवसही थांबविणे राज्यास परवडत नाही, त्यांच्या वेतनाची तरतूद वार्षिक संमतीवर अवलंबून न ठेवणे, हा दुसरा मार्ग अधिक सरळ आहे. घरभाडे आणि किराणा यांना देय वेतन चालत नाही.