कंदील गेला, बंब राहिला

घरातल्या उजेडाची गोष्ट पिढ्यांच्या हिशेबाने सरळ सांगता येते: पणजीची समई, आजीचा कंदील, आईचा पिवळा बल्ब, मुलीचा एलईडी. उष्णतेची गोष्ट इतकी सरळ नाही. कंदील कधीच माळ्यावर गेलेल्या घरातही परसात तांब्याचा बंब धुमसताना दिसतो. याला जुन्याची ओढ म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण पटत नाही. कंदिलाची ओढ काय कमी होती? कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली काच कारखाना निघाला, तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. तरी वीज आल्यावर त्याच्यासाठी कोणी अडून बसलं नाही. रोज तिन्हीसांजेला काच उतरवायची, काजळी राखेने पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचं, हा सगळा व्याप एका बटणाने संपला.

पाणी तापवण्याचा व्याप बटणाने संपतो, पण बिलात परत येतो. १५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी साठ तासांहून जास्त जळतो. दिव्यात सुधारणेला प्रचंड वाव होता, कारण जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा. खरं तर तो उजेड देणारा हीटरच. पाण्याला मात्र लागते तेवढी उष्णता द्यावीच लागते, तिथे साध्या गीझरची कोणतीही युक्ती फारशी चालत नाही. मग बांधावरचा फुकटचा काटक्याकुटक्यांचा भारा कोण सोडेल?

यावर कोणी म्हणेल, फुकट कसला? तो भारा बाईच्या डोक्यावरून येतो, तिच्या कष्टाला मोल नाही म्हणून तो फुकट. आक्षेप खरा आहे, आणि माझा हिशेब तिथे अपुरा पडतो. २०१६च्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी घरात आणली. पण सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात आणि सरपणाला लागतात ते बाईचे तास, म्हणून गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत होते. चुलीचा धूर टाळण्याची युक्ती माहीत नव्हती असंही नाही. बंब नीट पाहा: मधोमध उभी नळी, तळाशी विस्तव, भोवती पाणी, धूर नळीतून थेट वर. आंघोळीच्या पाण्यासाठी धुराडं होतं. तिथून चार पावलांवर, स्वयंपाकघरातल्या चुलीला आणि वैलाला बहुधा ते नव्हतं.