‘मायनस’च्या भरवशावर राहू नका!

रूमवर पिक्चर लागलाय. कुणीतरी रिमोट उचलतो, ‘अरे, अजून मायनस वीसलाच आहे, वाढव की!’ घोळ इथेच होतो. होम थिएटरच्या रिसीव्हरवरचा शून्य म्हणजे शांतता नव्हे. सोबतचा माईक लावून सेटअप नीट केला असेल, तर शून्य म्हणजे थेट थिएटरची पातळी. एकेका स्पीकरमधून १०५ डेसिबलपर्यंतचे दणके! घरच्या खोलीत मायनस वीससुद्धा भरपूर होतं.

शिवाय दर ३ डेसिबल वाढवले की अँप्लिफायरला दुप्पट पॉवर लागते. ती पुरेनाशी झाली की आवाज फाटतो आणि बहुतेक वेळा पहिला बळी जातो ट्वीटरचा. आवाज कर्कश वाटला, की लगेच खाली या.

स्पीकर नवा आणता येतो, कान नाही. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, ही कामाच्या ठिकाणची एक प्रचलित मर्यादा. पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा! म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. शेजारी बसलेल्या मित्राशी ओरडून बोलावं लागतंय? पिक्चर संपल्यावर कानात शिटी वाजतेय? मग आकडा मायनसमध्ये असला तरी आवाज जास्तच आहे.